पायाखाली जन्नत, डोळ्याला झोप नाही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची मुलगी पाच महिन्यांची होती. तिचं वजन वाढत नाही म्हणून तिला मिरजेला एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेलो होतो. मी, बायको आणि अम्मी. डॉक्टरांनी बाळ तपासलं, वजनाचा तक्ता पाहिला, दूध दिवसातून कितीदा पिते ते विचारलं. मग पेन खाली ठेवून माझ्या बायकोकडे बघत म्हणाल्या, "आणि तुम्हाला झोप लागते का?"

उत्तर अम्मीनं दिलं. "बाळ रात्रीचं उठतंय हो. त्याला कोण काय करणार? सगळ्यांचीच उठतात."

"आजी, मी त्यांना विचारलंय," डॉक्टर म्हणाल्या.

बायको काहीच बोलली नाही. ओढणीचं टोक तोंडाशी धरून रडायला लागली. दार अर्धवट उघडं होतं, बाहेर रांगेत माणसं बसलेली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला तिची काळजी वाटली नाही. आपल्या घराविषयी या बाईंचं आणि बाहेरच्या लोकांचं काय मत होईल, याची काळजी वाटली.

पाच महिन्यांत तिला हा प्रश्न विचारणारं ते पहिलं माणूस होतं. बाळाला बघायला निदान शंभर माणसं येऊन गेली असतील. अकीक्याला मांडव भरला होता. प्रत्येकानं बाळाचं नाक कुणावर गेलं ते सांगितलं. आईला झोप लागते का, हे विचारायला तिकीट काढून मिरजेला जावं लागलं.

घरात काय चाललं होतं

माझी नोकरी तेव्हा पुण्यात होती, घर तासगावला. शनिवारी रात्री एसटीनं पोचायचं, रविवारी रात्रीची गाडी पकडायची. बायकोचं माहेर कराडचं. लग्नाआधी ती तिथल्या एका खासगी शाळेत शिकवत होती. बाळंतपण माहेरी झालं. चाळीस दिवस तिला कुणी हात ओला करू दिला नाही. शेक, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं झालं. चाळिसावं न्हाण झालं आणि पुढच्या आठवड्यात ती सासरी आली.

आमचं घर वाईट नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. कुणी तिला घालूनपाडून बोलत नव्हतं, मारहाण तर दूरच. पण एक दिवसाआड येणारं नळाचं पाणी पहाटे चारला येई आणि ते भरायची पाळी तिची. अब्बांचं साखरेचं पथ्य, दोन वेळच्या भाकरी, लंगोट-दुपट्यांचा ढीग, दुपारी येणारे-जाणारे. बाळ रात्री तीन-चारदा उठायचं. बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसे, हे मला नंतर कळलं. मोबाईलच्या रिचार्जला दोनशे रुपये हवे असले तरी ती शनिवारची वाट बघायची. शाळेत असताना तिचा स्वतःचा पगार होता. आता रुपया-रुपया मागावा लागायचा आणि मागताना ती खाली बघायची. मला वाटे, लाजते.

रविवारी मी बाळाला मांडीवर घेऊन फोटो काढायचो. बाळ रडलं की तिच्या हातात द्यायचो. शी केली की तिच्या हातात द्यायचो. माझ्या मनात मी चांगला बाप होतो.

गप्प झाली होती ती. मला वाटलं, माहेरची आठवण येत असेल. अम्मीला वाटलं, शिकलेल्या पोरीचा ताठा. कुणी म्हणालं, नजर लागली, लिंबू उतरवा. एवढ्या सगळ्या अंदाजांत तिला विचारून बघावं, हे कुणाला सुचलं नाही.

"हमने पाँच पाले"

डॉक्टरांकडून परतताना अम्मी गाडीत म्हणाली, "हमने पाँच पाले. हमकू कौन पूछा?" आम्ही पाच वाढवली, आम्हाला कुणी विचारलं? हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात आपापल्या बोलीत बोललं जातं. सून थकली म्हणाली की ते ठरलेलं उत्तर असतं.

चार-पाच वर्षांनी एका रमजानमध्ये सहरीनंतर अम्मी आपणहून बोलली. तिसऱ्या बाळंतपणानंतर ती कित्येक दिवस विहिरीवर जायला घाबरायची. पाणी आणायला वाकलं की वाटायचं, आता उठूच नये. घरात सांगितलं असतं तर "असर झालाय" म्हणून दर्ग्यावर नेऊन बसवलं असतं, म्हणून सांगितलं नाही. पुढे शेजारच्या एका काकू रोज कळशी घेऊन तिच्याबरोबर विहिरीवर यायला लागल्या. त्यांना काय कळलं, कसं कळलं, देव जाणे. दोन-तीन महिन्यांत बरं वाटायला लागलं.

"हमकू कौन पूछा?" ही अम्मीची फुशारकी नव्हती, तक्रार होती. ती मला ऐकू यायला इतकी वर्षं लागली. जुन्या पिढीच्या बायकांना काही झालंच नाही, हा आपला गैरसमज आहे. झालं, पण त्यांनी ते गिळलं. आता सुनेनंही तसंच गिळावं अशी अपेक्षा आपण ठेवतो आणि तिला सहनशक्ती म्हणतो.

दोष स्वभावाचा नाही

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा दिवसांत कारण नसताना रडू येणं सर्रास घडतं आणि ते आपोआप ओसरतं. पण उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, बाळ झोपलं तरी आईला झोप येईना, खाण्यावरची वासना गेली, "मी वाईट आई आहे" हे मनातून जाईना, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. भारतात झालेल्या 38 अभ्यासांचा, म्हणजे वीस हजारांहून अधिक मातांचा, एकत्रित आढावा 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात हे प्रमाण 22 टक्के निघालं. पाच बाळंतिणींमागे एक. आपल्या गल्लीतल्या पाळण्यांचा हिशेब प्रत्येकानं करून पाहावा.

हे कुणाला होतं? डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात 270 गर्भवती स्त्रियांची बाळंतपणानंतरही पाहणी केली. ती 2002 साली प्रसिद्ध झाली. सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के माता नैराश्यात होत्या. त्यांच्या बाबतीत ठळकपणे दिसलेल्या गोष्टी अशा: पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मारहाण, आणि मुलगी जन्माला येणं. तिचा स्वभाव हळवा आहे, शिक्षणानं डोक्यात वारं गेलंय, ही आपली नेहमीची निदानं या यादीत नाहीत. यादीत आहे ते तिच्याभोवतीचं घर. मुलगी झाली म्हणून आई आजारी पडते, ती मुलीमुळे नाही. "पहिली बेटी, धनाची पेटी" म्हणताना घरातल्या माणसांचा जो चेहरा पडतो, तो तिला दिसतो म्हणून.

सातारा-सांगलीत यात आणखी एक गोष्ट धरावी लागेल. आपल्याकडचा बाप घरी नसतो. पाटण-जावळीचा माणूस माथाडी म्हणून मुंबई-वाशीला. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातला सीमेवर. विटा, खानापूर, आटपाडीचा गलाईवाला सोनं-चांदी गाळायला केरळपासून बंगालपर्यंत कुठंही. माझ्यासारखे पुण्याला. त्यांच्या पैशावर ही गावं उभी राहिली, हे खरं. पण त्या पैशाची दुसरी किंमत तान्ह्या बाळाची आई एकटीनं चुकती करते. नवरा गावात नाही, म्हणजे रात्री बाळ तापलं तर दवाखान्यात न्यायचं की नाही हे सासऱ्यानं ठरवायचं. फोनवर नवरा विचारतो, "सगळं ठीक ना?" शेजारी सासू बसलेली. ती "ठीक" म्हणते.

आणि ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यांच्या पट्ट्यात कोप्या पडतात, तिथली आई? नवरा तिच्यासोबत असतो, कारण कोयता जोडीनं चालतो. पण बाळ उसाच्या फडाच्या कडेला, पाचटावर नाहीतर गाडीखाली बांधलेल्या झोळीत. पहाटेच्या थंडीत मोळी डोक्यावर घेणाऱ्या त्या बाईला झोप लागते का, हे विचारायची आपली हिंमतही होणार नाही. माझ्या बायकोला निदान छप्पर होतं, पंखा होता.

एकत्र कुटुंबात हा प्रश्न येत नाही, असं आपण अभिमानानं सांगतो. माझा अनुभव असा की एकत्र कुटुंबात हात जास्त असतात आणि डोळेही जास्त असतात. हात मदतीला आले तर त्यासारखं सुख नाही. नुसते डोळेच आले, तर बाई स्वतःच्या खोलीतही दमते. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर रोज सरासरी 299 मिनिटं घालवतात, पुरुष 97 मिनिटं, असं निघालं. हा आकडाही जे पुरुष घरकाम करतात त्यांचाच. तसे पुरुष शंभरात सव्वीस. बाकीचे चौऱ्याहत्तर कुठं असतात, ते मला चांगलं माहीत आहे. मी त्यांच्यातच होतो.

दीन काय सांगतो, आपण काय ऐकतो

आमच्या समाजात आईचा विषय निघाला की लगेच हदीस सांगितली जाते, आईच्या पायाखाली जन्नत आहे. खरंच आहे. पण ती सांगून झाल्यावर आपण त्याच आईला चहा ठेवायला सांगतो.

सूरह बकराची 233 वी आयत मी त्या काळात पुन्हा काढून वाचली. दूध पाजणाऱ्या आईच्या खाण्या-कपड्याची जबाबदारी बापावर आहे. कुणावर ताकदीपेक्षा जास्त भार टाकायचा नाही. मुलापायी आईला त्रास होता कामा नये. दूध तोडायचं असेल तर दोघांनी आपसात बोलून, राजीखुशीनं ठरवायचं. म्हणजे तान्ह्या बाळाच्या बाबतीत आईचं मत विचारणं ही मेहरबानी नाही, हुकूम आहे. घरात असताना पैगंबर (स.) काय करत, असं विचारल्यावर हजरत आयेशांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत, नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. आणखी एक हदीस बुखारीत आहे. नमाज लांबवायचं मनात असलं तरी मागून बाळाचं रडणं कानावर आलं की ते नमाज आटोपती घेत, कारण त्या आईची घालमेल त्यांना कळे. बाळाच्या रडण्यात त्यांना आई ऐकू येत होती. आमच्या गल्लीत बाळ रडलं की मशिदीतून परतणारा बाप दारातूनच ओरडतो, "अगे, बच्चा रोता ना!"

कुरकुर न करणाऱ्या बायका

सातारा जिल्ह्यातलं नायगाव सावित्रीबाईंचं जन्मगाव. 10 ऑक्टोबर 1856 रोजी त्यांनी तिथून जोतीरावांना पत्र लिहिलं. आजारपणात त्या माहेरी होत्या आणि भावानं आपली मनापासून शुश्रूषा केल्याचं त्या कौतुकानं लिहितात. त्याच पत्रात पुण्यात मागे राहिलेल्या फातिमाची आठवण आहे. तिच्यावर कामाचा ताण पडत असणार, पण ती तक्रार करणारी नाही, अशा अर्थाचं. ते ओझं शाळेचं होतं, बाळाचं नव्हतं. तरी मला त्या पत्रात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे आजारी बहिणीची सेवा करणारा भाऊ. पावणेदोनशे वर्षांपूर्वी खंडाळ्याच्या बाजूच्या एका खेडेगावात पुरुषानं ते केलं, तेव्हा "आपल्यात पद्धत नाही" हे कारण चालणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे स्वतः आजारी असताना दुसरीचा ताण ओळखणारी मैत्रीण. जी तक्रार करत नाही तिलाही त्रास होत असतो, हे सावित्रीबाईंना कळलं होतं. आपण मात्र जी कुरकुर करत नाही, तिच्यावर आणखी एक काम टाकतो.

योगायोग असा की 10 ऑक्टोबर हाच आता जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे.

सातारा आणखी एका आईचं गाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या. बाबासाहेब त्यांचं चौदावं अपत्य, तेव्हा अवघे पाच वर्षांचे. पुढे मीराआत्यानं त्यांना सांभाळलं. याच मुलानं 1928 साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-रजेच्या विधेयकाची बाजू मांडली. आईला विसावा मिळण्यात देशाचं हित आहे आणि त्याचा काही भार सरकारनं उचलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी कायदा झाला. आज 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. पण कुणाला? आस्थापनेत नोंद असलेल्या नोकरदार बाईला. द्राक्षबागेत रोजानं जाणारीला नाही, विट्याच्या यंत्रमागावर घरातल्या घरात राबणारीला नाही, कोयत्यावरच्या बाईला तर नाहीच. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत 15 दिवस रजा मिळते. खासगी नोकरीत तसा कायदाच नाही.

काय करता येईल

प्रत्येक खेड्यात मानसोपचारतज्ज्ञ बसवा, असं मी म्हणत नाही. पण आशाताई तर प्रत्येक खेड्यात आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. बाळाचं वजन करतात, ताप बघतात. आईचा ताप, अंगावरचं जाणं विचारतात. आई असंबद्ध बोलते का, तिला झटके येतात का, हेही बघतात. पण जी आई काहीच बोलत नाही, तिच्यासाठी रकाना नाही. तो हवा. झोप लागते का, कशात मन लागतं का, एवढे दोन प्रश्न. सासूला बाहेर पाठवून, आईला एकटीला विचारलेले. अर्थात आधीच अपुऱ्या मानधनावर राबणाऱ्या आशाताईंवर हे फुकटात लादू नये. त्याही कुणाच्या तरी आयाच आहेत.

असं होऊ शकतं याचा पुरावा पाकिस्तानातल्या रावळपिंडी जिल्ह्यातल्या खेड्यांत आहे. तिथल्या साध्या आरोग्यसेविकांना नैराश्यातल्या मातांशी कसं बोलायचं ते शिकवलं. विषय बाळाच्या तब्येतीचा काढायचा आणि हळूहळू आईकडे यायचं. सहा महिन्यांनी या मातांपैकी 23 टक्केच नैराश्यात उरल्या. ज्यांच्याकडे नुसत्या नेहमीच्या भेटी होत होत्या त्यांच्यात 53 टक्के. हे 2008 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे शेजारपाजारच्या बायकांनाच शिकवून हीच पद्धत गोव्यातही वापरून पाहिली गेली. आमच्या अम्मीच्या शेजारणीनं कळशी घेऊन जे केलं, ते याहून फार वेगळं नव्हतं.

दुसरी गोष्ट पाळणाघरं. अंगणवाडीत मूल तीन वर्षांचं झाल्यावर बसतं. तोवर आईनं काय करायचं? अंगणवाडीला जोडून पाळणाघराची केंद्राची योजना आहे. ती आपल्या ग्रामपंचायतीत, कारखान्याच्या गट-कार्यालयाजवळ का येत नाही, हे ग्रामसभेत उभं राहून विचारायला हवं. आणि तातडीची गरज असेल तर 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावं असं आईच्या मनात येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. लिंबू नंतर उतरवा.

शेवटी माझं

बायकोवर उपचार झाले. थोडं औषध, जास्त बोलणं. ती तीन महिने कराडला राहिली. तेव्हा आमच्या काही नातेवाइकांनी "भांडून गेली" अशी आवई उठवली. मी पुण्याची नोकरी सोडली नाही, सोडता येण्यासारखी नव्हती. पण दोन गोष्टी बदलल्या. तिच्या खात्यावर दरमहा तिचे पैसे जाऊ लागले, हिशेब न विचारता. आणि शनिवारची रात्र माझी झाली. बाळ उठलं की मी उठायचो. पहिल्याच रात्री कळलं की तीनदा उठणं म्हणजे काय. सकाळी डोकं बधिर होतं, अब्बांनी काहीतरी विचारलं तर मी खेकसलो. एका रात्रीत. ती दीडशे रात्री तशी होती आणि एकदाही कुणावर खेकसली नव्हती.

मुलगी आता शाळेत जाते. बायको पुन्हा शिकवते. मागच्या वर्षी चुलतभावाला मुलगा झाला. अम्मी बाळ बघायला गेली, बाळाच्या हातात नोट ठेवली आणि सुनेला जवळ बसवून विचारलं, "नींद आती क्या बेटी?" सुनेची सासू उत्तर द्यायला लागली तशी अम्मी म्हणाली, "तुम ठैरो. उसकू बोलने दो."

एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात तान्हं बाळ असेल तर आज त्याच्या आईला हा प्रश्न विचारा. आणि उत्तर तिचं तिला देऊ द्या.